धामणपूरची बिनधक्क्याची फटफटी

प्रगती व्हावी, पण तिचा धक्का कुणाला बसू नये, हे कोणत्याही सुसंस्कृत समाजाचं ध्येय असतं. धक्का बसत असेल तर प्रगती थोडी थांबली तरी चालते. ती कुठं पळून जात नाही. हे तत्त्व उमगायला मोठमोठ्या शहरांच्या पिढ्या गेल्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या धामणपूर विकास गटाला मात्र ते सन एकोणीसशे चौसष्ट साली, एका दुपारी, घाटातल्या दुसऱ्या वळणावर उमगलं.

झालं असं, की गटाला एक फटफटी मिळाली. जीप आधीपासून होती, पण ती सभापतींच्या घरासमोर उभं राहण्याच्या कामात गुंतलेली असे. शिवाय घाटाच्या वाटेवर ती मावत नसे. वाट होती बैलांची. घाटावर खेमसिंग नाईकाचा तांडा. त्याच्या बापजाद्यांनी मीठ न् धान्य लादलेले बैल हाकत ती पाडलेली, लादलेल्या बैलाएवढीच रुंद. आता तांड्यात शेती होती, घरं होती, शाळेची पाटीसुद्धा होती (शाळा यायची होती). पाणी तेवढं नव्हतं. विहीर मंजूर झाली होती, पण नियम असा, की अधिकाऱ्यानं शासकीय वाहनानं स्थळापर्यंत जावं, स्थळाची पाहणी करावी, चुना टाकून आखणी करावी, आणि हे सगळं मार्चअखेरच्या आत. नाहीतर मंजुरी रद्द होते. (तांड्यात 'मरते' म्हणत. त्यांना कार्यालयीन भाषा येत नसे.)

आता फटफटी निघाली दोन स्ट्रोकची, आणि तिथंच घोटाळा झाला. चार स्ट्रोकचं इंजिन हे मुळात सरकारी स्वभावाचं: आतला दट्ट्या चारदा हलला की एकदा काम. दोन स्ट्रोकवालं दोनदाच हलतं न् काम करून मोकळं होतं. असल्या उतावळ्या यंत्राला शासकीय सेवेत घेताना त्याची वर्तणूक तपासायला हवी होती (शिपायाची तपासतात). त्याच्या ताकदीलाही काही शिस्त नसते. मूठ पिळा, पिळा, ते आपलं फुरफुरत बसतं. आणि मग त्याला मधेच काय आठवतं कोण जाणे, सगळी ताकद एका दमात बाहेर पडते.

ती बाहेर पडली तेव्हा गाडीवर विस्तार अधिकारी नानाजी गुल्हाने होते. गाडी पुढं गेली. नानाजी काखेतल्या फायलीसकट होते तिथंच राहिले, फक्त थोडे खाली. गाडी बरंच अंतर साहेबाविना विकासाच्या दिशेनं गेली आणि मग एका पळसाच्या झाडाला टेकून आडवी झाली.

रीतसर चौकशी झाली. एकूण धक्क्यापैकी चाळीस टक्के शरीराला, अठ्ठावन्न टक्के हुद्द्याला आणि उरलेला फायलीला बसला, असा निष्कर्ष निघाला. शरीराचं काही नव्हतं, हळद लावता येते. हुद्द्याला काय लावायचं, हे कुणाला माहीत नव्हतं. तेव्हा 'सदर वाहनातील धक्का समूळ काढून टाकण्यात यावा' असा ठराव झाला आणि काम अब्दुल गनीकडे आलं.

गनीचं गॅरेज बस स्टँडच्या मागं. पुसदपर्यंत आपलं नाव आहे, असं तो म्हणे, आणि पुसदहून अजून कुणी नाही म्हणायला आलं नव्हतं. हात खरोखरच चांगला होता, पण हातापेक्षा मान ताठ. गिऱ्हाइकानं 'बरं झालं' म्हटलं तर त्याला अपमान वाटे. 'वाहवा' म्हटलं पाहिजे. शेतात ऑईल इंजिन बसवून दिलं, की तो इंजिनावर चहानं काठोकाठ भरलेली बशी ठेवी. इंजिन चालू करी, बिडी शिलगावी, न् मालकाला म्हणे, पाहा. थेंब सांडला नाही, की मग तोच चहा मालकाला पाजी. ही गनीची बशी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती.

गाडी आली त्याच सकाळी खेमसिंग नाईकही घाट उतरून गॅरेजात आला. तो फार बोलणारा माणूस नव्हता. उकिडवा बसला, गाडीकडे पाहिलं, न् म्हणाला, "गनीभाई, साहेबाले कसं बी करून वर पोचवा. आमच्या घरची धनीबाई नाल्यात झिरा उकरू उकरू पानी आनून राह्यली. मार्च गेला त इहीर गेली."

"फिकर कायले करता नाईक?" गनी म्हणाला. "झटका काढतो, अन् साहेबाले तुमच्या दारात नेऊन टेकवतो."

आणि त्यानं काढला हो. यवतमाळला जाऊन लेथवर एक लोखंडी कडं कातून आणलं, ते इंजिनाच्या आतल्या फिरत्या चाकावर चढवलं. चाक जड झालं, की ते एकदम भडकत नाही. वजनदार माणसासारखं हळूहळू तापतं. मग इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाखाली, म्हणजे हेडखाली, तांब्याची एक चकती घातली, म्हणजे आतला दाब जरा उतरला. तांबं कुठून आणायचं हा प्रश्न होता, पण घरी बायकोची, जुबैदाची, गळकी घागर होती. डाग देऊन आणतो, असं सांगून गनीनं ती महिन्याभरापूर्वी गॅरेजात नेलीच होती. तिच्या बुडातून चकती छान निघाली.

पुढच्या दिवशी गनीनं खेमसिंगला मागं बसवलं न् घाट चढला. पहिलं वळण, दुसरं वळण, पळस, आणि थेट तांडा. गाडी अशी चढली, की खेमसिंगनं एका हातानं फेटा धरला होता, तो हात मधेच काढून घेतला. धनीबाईनं पाहुण्याला पाणी दिलं. अर्धा तांब्याच दिलं, आणि अर्धं का, ते गनीला विचारावं लागलं नाही. उतरताना तो मनाशी म्हणाला, की आपण आयुष्यात केलेलं हे सगळ्यात चांगलं काम.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण ही शासकीय गोष्ट आहे. चाललेली वस्तू स्वीकारण्यापूर्वी ती चालते का, याची चाचणी घ्यावी लागते.

चाचणी गट कार्यालयाच्या आवारात, कडुनिंबाखाली झाली. गनीची बशी प्रसिद्ध असल्यानं तीच कसोटी ठरली. नानाजी गाडीवर, बशी टाकीवर, सभापती रामराव खुर्चीवर. गाडी निघाली, वळली, खुर्चीजवळून गेली, आणि चहाचा एक थेंब रामरावांच्या धोतरावर पडला.

रामराव मोठ्या मनाचे. ते म्हणाले, एकच तर थेंब आहे, काही हरकत नाही. (ज्या आवाजात म्हणाले, त्या आवाजात पूर्वी दोन ग्रामसेवकांची बदली झाली होती.) मग गनीकडे वळून म्हणाले, "आमाले वाटलं होतं, गनीमियाचा हात हाये म्हणून..." आणि वाक्य तिथंच सोडलं.

ते अर्धं वाक्य गनीच्या जिव्हारी लागलं. पूर्ण केलं असतं तर त्यानं भांडण केलं असतं. तो म्हणाला, साहेब, आठ दिवस द्या. एक थेंब सांडला तर गॅरेजाची पाटी उतरवतो.

दरम्यान कार्यालय स्वस्थ बसलं नव्हतं. बशीबाबत सूचना निघाल्या. बशी पांढरी, चिनी मातीची असावी. टवका उडालेली नसावी. चहा दुधाचा असावा, पण साय आलेला चहा चाचणीस अग्राह्य, कारण सायीखाली लाटा लपतात. चाचणीनंतर चहा कोणी प्यावा, यावर बरीच चर्चा होऊन तो ज्येष्ठतेनुसार प्यावा असं ठरलं. बशी आणण्या-नेण्याचं काम उकंडा शिपायाकडे आलं, आणि उकंडानं ते इतक्या निष्ठेनं केलं, की पुढं त्याला दुसरं काहीच काम करता येईना.

गनीनं दुसरी चकती घातली. बशीत अजून लाट दिसत होती. तिसरी घातली. ठिणगी पडायची वेळ मागं घेतली, म्हणजे इंजिनाला घाईच नको. कार्बोरेटरचं भोक बारीक केलं. धूर बाहेर पडण्याच्या नळीत जाळी कोंबली. मूठ पाव फेऱ्यापुढं वळू नये म्हणून आत खिळा मारला. दर खेपेला गाडीची थोडी ताकद जाई आणि कार्यालयाचा थोडा विश्वास येई. जुबैदाची घागर आता गळ्यापुरती उरली होती.

जुबैदानं त्याला जेवताना एकच विचारलं. नाईकाचा तांडा तर वर आहे. कचेरीच्या आवारात चढ कुठं आहे? गनी म्हणाला, बायकांना इंजिनातलं कळत नाही. हे खरंच होतं. तिला फक्त चढ कळत होता.

आठव्या दिवशी फटफटी कडुनिंबाभोवती फिरली. इतकी अलगद, की बाजूनं चालणाऱ्या उकंडाला दोनदा थांबून तिची वाट पाहावी लागली. बशीच्या काठावर एक माशी बसली होती. ती पूर्ण फेरी होईस्तोवर उठली नाही. नानाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. रामराव उठून उभे राहिले, स्वतःच्या हातानं गनीला शाल घातली, आणि म्हणाले, "वाहवा." त्या एका शब्दासाठीच गनी इतकी वर्षं तेलात हात काळे करत आला होता. तो काहीही करायला तयार झाला असता, आणि खरं म्हणजे करून चुकला होता.

मार्च संपायच्या आदल्या दिवशी मोहीम निघाली. पुढं फटफटीवर नानाजी, मागं चुन्याचं पोतं घेऊन उकंडा, त्याच्यामागं शाल पांघरलेला गनी (ऊन चांगलंच होतं). घाटाच्या पायथ्याशी खेमसिंग हार घेऊन उभा होता. इथवर रस्ता सपाट, सगळं सुरेख झालं. मग चढ लागला. गाडी थांबली असं म्हणणं चूक ठरेल. थांबताना धक्का बसतो. ती नुसती पुढं जायची राहिली.

नानाजींनी मूठ खिळ्यापर्यंत पिळली. इंजिन शांतपणे पुटपुटत राहिलं. सगळ्यांनी आदरानं वाट पाहिली.

कच्चा अधिकारी असता तर इथं घाबरला असता. नानाजींनी खिशातून नियम काढला न् वाचला: शासकीय वाहनाने स्थळापर्यंत जावे. वाहन गेलं आहे का? गेलं आहे. ते यापुढं जातं का? जात नाही. म्हणजे जिथवर जायचं तिथवर ते पोचलेलं आहे. तेव्हा हेच स्थळ. उकंडा, चुना टाक.

उकंडानं घाटाच्या पायथ्याशी चुन्याचा गोल काढला. छान गोल काढला.

खेमसिंगनं हार खाली ठेवला. साहेबाला वळसा घालून तो गनीजवळ आला न् अगदी साध्या आवाजात म्हणाला, "गनीभाई, तुमी काढला तो झटका कुठं ठेवला? मले द्या. मी बैलावर लादून वरतं नेतो."

गनीला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. दोन चकत्या काढायला अन् खिळा उपटायला कितीसा वेळ? नानाजींना रात्र व्हायच्या आत वर टेकवता आलं असतं. त्यानं हळूच विचारलं, साहेब, दोन चकत्या काढू का?

"अन् मंग सांडला तर?" नानाजी म्हणाले.

गनीनं खांद्यावरची शाल सारखी केली. वाहवा मिळालेला हात परत इंजिनात घालायला छाती लागते, आणि ती त्या दिवशी त्याच्यापाशी नव्हती. खेमसिंगनं हार उचलून फटफटीलाच घातला आणि घाट चढून गेला.

पायथ्याच्या त्या गोलात खणलेल्या विहिरीला पाणी भरपूर लागलं, गोड लागलं. धामणपूरची कीर्ती वाढली. गटागटांतून बिनधक्क्याच्या मागण्या आल्या. गनीच्या दारात फटफट्यांची रांग लागली, आणि बाजारात तांब्याच्या जुन्या घागरी मिळेनाशा झाल्या. उकंडाला बशीसाठी मदतनीस मिळाला.

एकदा अशीच एक सुधारलेली गाडी तपासायला गनी विहिरीशी गेला होता. नानाजी होते, बशी होती. तेवढ्यात धनीबाईनं घागर भरली, काठोकाठ, डोक्यावर चढवली, तिच्यावर दुसरी ठेवली न् घाटाला लागली. गनी बघत राहिला. पहिलं वळण. नानाजी पडले ते दुसरं वळण. पळस. कुठं झटका नाही, दम कमी पडणं नाही, एकसारखी ताकद खालपासून वरपर्यंत, आणि दोन्ही घागरींतून एक थेंब नाही. असं इंजिन त्यानं जन्मात बांधलं नव्हतं. त्याचा हात आपोआप खांद्याकडे, शाल काढायला गेला, पण शाल घरी होती.

नानाजींनीही पाहिलं, आणि ते खरे जाणकार. त्यांनी तिथंच शेरा लिहिला: 'तांड्याचा पाणीपुरवठा सुरळीत सुरू आहे. वाहतुकीत कोठेही धक्का आढळला नाही. वाहनात फेरफाराची गरज नाही. प्रकरण बंद करावे.'

प्रकरण बंद झालं. आपणही इथवर वाचत आलात. हाताशी चहा असेलच. जरा बशीत पाहा. धनीबाई घाट चढून गेली, तिला उद्या परत उतरायचंय, परवाही, तरी आपल्या बशीतला थेंबसुद्धा हलला नसेल. अभिनंदन. आपण चाचणीत पास झालात. आपल्या हेडखाली चकत्या किती बसल्यात, ते मात्र कधीतरी उघडून पाहा.