वॉर्ड चारचे नातेवाईक

रोज सकाळी पावणेआठला मुळ्येकाका आमच्या फाटकाशी उभे राहतात आणि रिपोर्ट देतात. "लक्ष्मणचे टाके काढले. सात नंबरला ताप आहे. रामचरणने दूध घेतलं. बाकी वॉर्ड शांत." एवढं सांगून दुधाची पिशवी सांभाळत पुढे जातात, कारण समोरच्या जोशींनाही हेच सांगायचं असतं.

कॉलनीत नवीन आलेल्या माणसाला वाटतं, काकांचं नर्सिंग होम आहे. एका भाडेकरूने तर सासऱ्यांच्या गुडघ्याबद्दल विचारलं. काकांनी गंभीरपणे चौकशी केली, "गोळी आत आहे का निघाली?" तो बिचारा अजून काकांना पाहिलं की गल्ली बदलतो.

मग मी समजावते. भिया, घाबरू नका. काकांचे सगळे पेशंट दुसऱ्या महायुद्धातले आहेत. त्यांना जाऊन जमाना झाला. आता हे काकांना कोणी सांगायचं, एवढाच प्रश्न आहे.

काका सरकारी दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. सगळी नोकरी फायलींत गेली. रिटायर झाल्यावर एकदा बाथरूमच्या दाराची बिजागरी आणायला सियागंजच्या बाजारात गेले. दुकानदार खिळे बांधायला एका जाडजूड रजिस्टरचं पान फाडत होता. काकांनी पाहिलं तर त्यावर नाव, पलटण, जखम, खाटेचा नंबर. "रुक जा भिया! ये पेशंट का कागज है!" असे ओरडले म्हणे, की हमालाने डोक्यावरचं पोतं खाली ठेवलं. लढाईच्या काळात उघडलेल्या आणि लढाईबरोबरच बंद झालेल्या कुठल्याशा फौजी इस्पितळाची ती दफ्तरं रद्दीतून फिरत तिथे पोचली होती. काका दोन गठ्ठे रिक्षात घालून घरी आले. बिजागरी राहिली ती राहिलीच. बाथरूमचं दार अजून सुतळीने बांधतात.

एका गठ्ठ्यात वॉर्ड चारची रोजची नोंदवही निघाली. ती काका कशी वाचतात, ऐका. आजच्या तारखेला फक्त आजच्या तारखेचं पान. उद्याचं उद्या. "पुढचं वाचून ठेवायला ती काय कादंबरी आहे? माणसं आहेत." मी एकदा गुपचूप पुढचं पान उलटायला गेले, तर हातावर फटका बसला. मी पन्नाशीची बाई, शाळेत पोरं मला टरकून असतात, आणि हे मला फटका मारतात!

काकांचं दुसरं शस्त्र म्हणजे एक प्रश्न: "नोंद आहे का?" जोशींनी कौतुकाने सांगितलं की आमचे पणजोबा फौजेत मोठे अंमलदार होते. काका म्हणाले, "नोंद आहे का?" जोशी दोन महिने बोलले नाहीत. मी भाजीत तिखट मोजून घातलं म्हटलं तरी हेच. रेकॉर्डमध्ये नाही ते काका बोलत नाहीत, आणि दुसऱ्यालाही बोलू देत नाहीत.

पण खरं सांगू? हे वेड साथीचं आहे. आमचा भाजीवाला मेथी तोलता तोलता विचारायला लागला, "काकाजी, सात नंबर का बुखार उतरा क्या?" आणि एका सकाळी मी स्वतःच फाटकाशी जाऊन विचारलं, "काका, महादू कसा आहे?" कपाळ माझं!

महादू म्हणजे खाट नंबर अकरा. सातारा जिल्ह्यातला, मांडीत गोळी लागलेला. काकांचा भारी लाडका, कारण त्याच्यापुढे शेरा होता: "दुपारी मोठ्याने गातो. इतरांची झोप मोडते. समज दिली." पुढच्या आठवड्यात परत: "समज दिली. गातो." काका हे वाचून दिवसभर हसत होते. मग एक दिवस महादूचं नाव येणं थांबलं. ज्याला घरी सोडलं त्याची नोंद वहीत असायची. महादूची नव्हती. काकांनी सोपा अर्थ काढला. विचारलं की सांगायचे, "महादूला अजून सुट्टी नाही."

अशात इथून जवळच्या राऊच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापिका आल्या. पुण्याहून इकडे नोकरीला आलेल्या, जखमी सैनिकांवर संशोधन करणाऱ्या. दुपारी दोन वाजता पोचल्या. काका दारात आडवे. "भेटायची वेळ चार ते सहा." बाईंना वाटलं थट्टा आहे. कसली थट्टा! दोन तास माझ्याकडे बसून पोहे खाल्ले त्यांनी. चारला आत गेल्या आणि विचारलं, "एकूण किती केसेस असतील?" काका म्हणाले, "केस कोर्टात असते. हे पेशंट आहेत."

बाई चिवट होत्या. त्यांची नजर कपाटावरच्या दुसऱ्या गठ्ठ्यावर गेली. लाल कापडात बांधलेला, गाठसुद्धा सुटलेली नाही. "यात काय आहे हो?" काका म्हणाले, "चहा घेणार ना?" तीन कप चहा पाजला, उत्तर काही दिलं नाही.

याच बाईंनी महादूच्या गावच्या ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं. आणि काय आश्चर्य, तिकडून निरोप आला की महादूची मुलगी आहे. सोनाबाई. वय पंच्याऐंशीच्या घरात.

एका रविवारी दुपारी सोनाबाईंचा फोन आला. काकांनी फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला, मी शेजारी होते. पलीकडून खणखणीत आवाज. "दादा, मी पाळण्यात व्हते बगा. बा दवाखान्यात वारला, एवढीच तार आली. आई मरस्तवर येकच म्हनायची, त्येच्याजवळ कोन व्हतं का गं? का येकलाच गेला? आता माजंबी वय झालं. तिकडं गेल्यावर आईला काय सांगू? तुमच्याकडं वही हाय म्हनं. बगा की जरा."

वारला. हा शब्द काकांच्या घरात पहिल्यांदाच आला होता. काकांचा चेहरा पार उतरला. "बघून सांगतो, ताई. पुढच्या रविवारी फोन करा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून रिपोर्ट बंद. सोमवार गेला, मंगळवार गेला. गुरुवारी मी तणतणत त्यांच्या घरी गेले. लाल गठ्ठा टेबलावर होता. गाठ तशीच.

"काका, यात गेलेल्यांचं रजिस्टर आहे ना?"

"हो. पहिल्याच दिवशी ओळखलं. गेलेल्या माणसाचं नाव वॉर्डच्या वहीत ठेवत नाहीत, दुसऱ्या वहीत जातं. आमचा रिवाजच आहे तो."

"मग इतकी वर्षं उघडलं का नाही?"

"ते उघडलं की वॉर्ड रिकामा होतो, माधवी."

मला भरून आलं, पण रागही आला. "आणि ती म्हातारी? ती काय जन्मभर थांबणार आहे? आहे तरी किती जन्म शिल्लक?"

"आणि कोणी नव्हतं असं निघालं तर?" काका एकदम चिडून म्हणाले. "खोटं मला सांगता येणार नाही. खरं सांगवणार नाही. मग तिला मी काय तोंड दाखवू?"

मी चपला अडकवून घरी आले.

रविवारी सोनाबाईंच्या फोनच्या तासभर आधी काकांनी मला बोलावून घेतलं. गाठ सुटेना, मीच दातांनी सोडवली. काका एकेक पान उलटत होते आणि हळूच म्हणत होते, "अरे, रामचरण पण." "हा सात नंबर." आणि मग बोट थांबलं. महादू, खाट अकरा. शेवटच्या रकान्यात 'जवळ हजर नातेवाईक' असं होतं. तिथे लिहिलं होतं, धनसिंग, नातं भाऊ. खाली अंगठा.

"साताऱ्याच्या माणसाला धनसिंग भाऊ?" मी म्हटलं.

काकांनी झपाट्याने वॉर्डची वही ओढली. खाट बारा: धनसिंग, गढवालचा. शेजारचा पेशंट! दोघांना एकमेकांची भाषा तरी येत होती की नाही, देव जाणे. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा वाचलं. नोंद होती.

फोन वाजला. काकांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. शेवटी म्हणाले, "शेवटचं पाणी कोणी दिलं ते लिहिलेलं नाही, ताई. म्हणून ते सांगत नाही."

पलीकडे सोनाबाई रडत होत्या, आणि रडता रडता हसल्या. "आवो, भाऊ म्हनला म्हंजी पानी घातलंच असंल. त्ये काय लिवायचं असतंय व्हय? बाला सख्खा भाऊच नव्हता, दादा. येकुलता येक. औंदा सर्वपित्रीला दोन पानं वाढीन. येक त्या धनसिंगाचं."

फोन बंद झाला. मी पदराने डोळे पुसत होते. काका दोन्ही वह्या समोर घेऊन बसले होते. काकू गेल्या तेव्हा आम्ही या कॉलनीत राहायला आलो नव्हतो, आणि काकांनी कधी विषय काढला नव्हता. त्या दिवशी आपणहून बोलले.

"सुमन आमच्याच दवाखान्यात गेली. वरच्या मजल्यावर. त्या दिवशी रेकॉर्डला मी एकटाच होतो. नातेवाईकाच्या रकान्यात सही केली, मग खाली क्लार्कच्या जागी सही करायची, ती पण मीच केली. शाई वाळेपर्यंत थांबलो, वही कपाटात ठेवली. मुलगा बंगलोरहून यायला संध्याकाळ होणार होती. तोपर्यंत काम करत बसलो."

"काम? काका, त्या दिवशी काम कसलं केलंत?"

"मग काय करणार? जवळ कोण होतं?"

मी खुर्ची ओढली आणि त्यांच्याजवळ बसून राहिले.