सोनकांबळेकाकांचे विमानतळ

माझी बॅग जिन्यात, टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी आणि मधे सोनकांबळेकाका.

"कुठं?"

"विमानतळावर."

"कोणत्या गावच्या?"

"हैदराबादच्या."

"हैदराबादच्या? असं कैकू म्हणता? विमानतळ शमशाबादला, ते रंगारेड्डी जिल्ह्यात येतं. नोंद हैदराबादेत टाकायची की रंगारेड्डीत, तेवढं सांगा आणि जा."

खाली हॉर्न वाजत होता. "रंगारेड्डी" म्हणून मी सुटका करून घेतली.

काका हैदराबादेतल्या नारायणगुड्यात आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. मूळचे नांदेडकडचे. अफझलगंजच्या बाजूला एका ग्रंथालयात सगळी नोकरी झाली. रिटायर झाले, पण वर्गीकरण काही सुटलं नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात डब्यांचेही वर्ग आहेत: रोजचे, पाहुण्यांचे आणि काकू गेल्यापासून न उघडलेले.

इंटरनेटवर एक मराठी ज्ञानकोश आहे. त्यात कुणीही लिहावं, कुणीही खोडावं. तिथं काका 'सोनकांबळेकाका' याच नावानं विमानतळांच्या नोंदी वर्गवार लावत बसतात. स्वतः विमानात कधी बसलेले नाहीत. "पुस्तकं वाचत बसलो असतो तर कपाटात लावली कधी असती?" हा त्यांचा खुलासा.

हैदराबादच्या जुन्या, बेगमपेठच्या विमानतळाचं घोडं बराच काळ अडलं होतं. नेहमीची विमानं तिथून शमशाबादला गेली, म्हणून कुणीतरी ते 'बंद विमानतळां'त टाकलं. काका उसळले. "बंद कुठंय? मंत्री उतरतात की! बंद आहे ते आपल्यासाठी." लगेच त्यांनी नवा वर्ग काढला: 'मंत्र्यांपुरते चालू विमानतळ'. त्यामागून 'उद्घाटनापुरते विमानतळ' आला, आणि तो भराभर भरला.

हे सगळं खोडायला एकजण टपलेलाच असे. नाव 'घारू', राहणार पुणे, एवढीच त्याची माहिती. काकांनी वर्ग काढला की हा पुसणार आणि खाली लिहिणार, "संदर्भ द्या. ज्ञानकोश म्हणजे पारावरच्या गप्पा नव्हेत."

"आगाऊ कार्टं!" काका आम्हाला वाचून दाखवत. मग चष्मा सावरून पानभर उत्तर लिहीत. जेवण राहिलं तरी चालेल, उत्तर राहता कामा नये.

एकदा मात्र घारू गप्प झाला. काकांचे सगळे वर्ग जसेच्या तसे उभे राहिले. 

"काका, जिंकलात की!" मी म्हणालो.

"काय जिंकलो? पोरगा बोलंनाच." काकांचा चेहरा उतरला होता. "आजारीबिजारी असेल का हो? खरं नाव माहीत नाही, फोन नाही. विचारू कुणाला?"

दोनचारदा त्यांनी त्याच्या पानावर "नमस्कार" लिहिलं. उत्तर नाही.

मग एका सकाळी मी ज्ञानकोश उघडला, तर नागपूरचा विमानतळ 'बंदरे' या वर्गात! कुणी खोडसाळपणा केलाय म्हणून पाहिलं, तर खाली नाव काकांचंच. मी धावत वर गेलो.

"काका, नागपूर बंदरात?"

"नक्को बोलू हो कुणाला," काका दबक्या आवाजात म्हणाले. "हे बघून त्याला राहवणार नाही. धड असला तर येतोच."

शनिवारी दुपारी काकांनी मला हाक मारली. पडद्यावर उत्तर आलं होतं: "नागपूरला समुद्र कधी आला? दवाखान्यात होतो, आज घरी येऊन बघतो तर हे! काका, तुम्ही बरे आहात ना?"

काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, लिहिलं, "मी बरा आहे. जेवलास का?"