दिग्रसच्या मातीची चव

मारोतराव मोजणीदारांना आपलं गाव सांगितलं, की ते त्या गावाची चव सांगत.

“उमरखेडची जराशी खारट. जिभीले चिकटते. आर्णीची गोड. महागावची खाल्ली का तहान लागते.” मी वणीकडचा. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “वणीची काई खरी नाई, गुरुजी. खाली कोळसा, वर माती. धुराचा वास येते.”

ते मातीबद्दल बोलत होते, आणि ती माती त्यांनी खाल्लेली होती.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं असेल. मी दिग्रसच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो, आणि बायकोला, कुसुमला, घेऊन कापसाच्या एका जिनिंगच्या मागे दोन खोल्यांत राहायला आलो. अंगण सामाईक. समोरच्या खोलीत मारोतराव एकटे. वय पन्नाशीच्या आतलं, नोकरी सरकारी मोजणी खात्यात. साखळी आणि झेंड्या घेऊन महिन्यातले पंधरा दिवस ते गावोगाव शेतं मोजत फिरायचे. येताना इतर लोक भाजी आणतात, हे रुमालात माती बांधून आणायचे.

तीही उचलली आणि आणली, असं नाही. हातभर खोल खणून काढलेलीच हवी. मग ती आमच्या अंगणात सुपात चार दिवस वाळायची, कुटली जायची, धोतराच्या फडक्यातून गाळली जायची. पाण्यात कालवून तिच्या बोराएवढ्या गोळ्या व्हायच्या आणि पितळी डबीत जाऊन बसायच्या. मी सकाळी चहा घेत असे तेव्हा समोरच्या ओट्यावर मारोतराव एक गोळी तोंडात टाकून वर तांब्याभर पाणी पीत.

“मोजून खाची, गुरुजी. मोजून खाल्ली तं औषध हाये.”

पोट जळतं? गोळी. डोकं दुखतं? गोळी. मी एकदा चेष्टेने म्हटलं, “आमचे हेडमास्तर फार चिडतात हो.” मारोतरावांनी गंभीरपणे डबी उघडली. “तुमी खा. तेयचं मंग पाहू.” दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोटात जंत होतील म्हणून बजावलं, तर हे म्हणाले, “गांडुळं झाले तं चांगलंच हाये. वावराले लागतात.”

मी एकदाच गोळी खाल्ली. फळा चाटल्यासारखं वाटलं. मी तोंड वाकडं करून चूळ भरली, तरी मारोतराव इतके खूश झाले, की मी त्यांच्या घरी पोटभर जेवलो असंच कोणालाही वाटलं असतं.

त्यांच्या जिभेचा गावात दबदबा होता. एकदा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडणाऱ्या दोन भावांकडे ते गेले होते. मोजणी झाली तरी भांडण मिटेना. तेव्हा मारोतरावांनी धुऱ्याच्या अलीकडची चिमूटभर आणि पलीकडची चिमूटभर माती तोंडात टाकली, डोळे मिटले आणि निकाल दिला, “चव एकच हाये. मंग भांडता कायले?” भाऊ म्हणे ओशाळले. निदान त्या दिवसापुरते तरी.

एका प्रश्नाला मात्र ते बगल देत. “आणि आपल्या दिग्रसची कशी?” असं कोणी विचारलं, की डबी बंद करून म्हणायचे, “तिचं अजून ठरलं नाई.”

कुसुमला सहावा महिना लागला आणि तिला माती खावीशी वाटू लागली. बायकांचं हे नेहमीचंच. सासूबाईंनी निरोप धाडला होता, की डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो. मी म्हटलं, यात काय अवघड आहे? वैद्य समोरच राहतो. मी हसत हसत अंगण ओलांडलं आणि म्हणालो, “मारोतराव, द्या दोन गोळ्या. आमच्या घरात तुम्हाला खरं गिऱ्हाईक मिळालं. कुसुमला हव्यात.”

मारोतराव उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता.

“नाई.”

“अहो, दोनच.”

“एक बी नाई! पोटुशा बाईले माती चारता? शिकले-सवरलेले हा का कोन?” असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. थोड्या वेळाने बाहेर येऊन अंगणातली सुपं उचलली आणि तीही आत नेली.

कुसुमला ते फार लागलं. “साऱ्या गावाले वाटतात अन् मलेच नाई? मी काय मांगून खानारी हाओ?” मारोतरावांना ती काकाजी म्हणायची; त्यांच्याशी तिने बोलणं टाकलं. आणि मी शाळेत गेलो की चुलीच्या कडेचे पोपडे काढून खायला लागली. चुलीची कड दिवसेंदिवस झिजत होती, हे मला दिसलं नाही. समोरच्या ओट्यावरून मारोतरावांना दिसलं.

एका रविवारी ते बैलगाडी घेऊनच दारात आले. “गुरुजी, बाईचे नखं पाहा. पांढरे पडून राह्यले. दवाखान्यात चला.” कुसुम नाही म्हणाली. मारोतरावांनी तिच्यापुढे चक्क हात जोडले. ते पाहून ती घाबरली आणि मुकाट्याने गाडीत बसली.

नर्सबाईंनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि मला झापलं. अंगात रक्त नाही, असंच चाललं तर बाळंतपणात दोघांचं कठीण आहे, म्हणाल्या. कुसुमला तपासायला आत नेलं. मी बाकावर बसलो. शेजारी मारोतराव डबीशी चाळा करत होते.

“यमुनेले बी असंच झालतं,” ते म्हणाले. “माही घरवाली. तिले माती लागे. मी तवा नवा नवा मोजणीले फिरून राह्यलो होतो. ज्या गावाले गेलो त्या गावची माती रुमालात बांधून आनली. ती जिभीवर ठेवे अन् सांगे, हे खारट, हे गोड, हे धुरकट. मले वाटे, बायकोचं मन राखून राह्यलो. मीच आनून देल्ली, गुरुजी. दुसऱ्या कोनी नाई. आठव्या महिन्यात गेली. पोटातली पोट्टी बी गेली. सुईन म्हने, अंगात रगतच नव्हतं.”

मी विचारलं, “मग तुम्ही का खाता?”

“घरात पुड्या राह्यल्या होत्या, नऊ गावच्या. फेकवल्या नाई. खाऊन पाह्यल्या, तिले कशा लागत असतीन म्हून. मले तं साऱ्या सारख्याच लागतात. लोकायनं इचारलं तं म्हनलं, औषध हाये. बाईमानसाले आजपावेतो एक गोळी देल्ली नाई. गडीमानसं एखादी खातात, थुकतात. तेवढीच सोबत होते.”

मला त्या दोन भावांचा धुरा आठवला. मारोतरावांच्या जिभेवर मी किती विनोद केले होते, तेही आठवलं, आणि लाज वाटली.

त्या दिवसापासून पितळी डबी दिसेनाशी झाली. मारोतरावांनी आमची मातीची चूल स्वतः उचलून नेली आणि लोखंडी शेगडी आणून ठेवली. दौऱ्यावरून आले की रुमाल सोडायचे. आता त्यात अंबाडी निघायची, तीळ निघायचे, गुळाचा खडा निघायचा. “दवाखान्यातल्या गोळ्या घेतल्या का, बाई? मोजून दाखवा,” असं दारातून रोज विचारायचे. कुसुम म्हणायची, “काकाजी, अंबाडी खाऊ खाऊ माहंच वावर होईन आता!” पण ती खायची. गावात मात्र बोलवा झाली, की माती सोडल्यापासून मोजणीदार अंगाने उतरले.

कुसुम सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. मारोतराव उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि एवढंच विचारलं, “नखं कशी हायेत? दोघींची?”

“लाल आहेत,” मी म्हणालो.

ते ओट्यावर बसले आणि उपरण्यात तोंड घालून रडले. मी त्यांना रडू दिलं.

मुलगी रांगायला लागली आणि एका सकाळी तिने अंगणात जे करायचं तेच केलं. मूठभर माती उचलली आणि तोंडात कोंबली. मी ओरडेपर्यंत मारोतराव समोरच्या ओट्यावरून धावत आले, तिला उचललं आणि बोट घालून तोंडातली माती काढली. मग तिला मांडीवर घेऊन म्हणाले, “सांग बाई, कशी हाये दिग्रसची?”

मुलीने नाक मुरडलं, जीभ बाहेर काढली आणि त्यांच्या धोतरावर थुंकली.

“कडू!” मारोतराव अंगणभर ओरडले. “दिग्रसची कडू हाये, गुरुजी! ठरलं!”

मग त्यांनी तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि तिचं तोंड धुतलं. ते स्वच्छ झालं होतं, तरी ते बराच वेळ धूतच राहिले.