भिंगारदिव्यांची रद्द यादी

लग्नपत्रिका आली की भिंगारदिवे आधी पत्रिकेवरच्या नंबरावर फोन करत. अभिनंदन करत आणि लगेच विचारत, "लग्न आहे ना अजून?" निम्मे लोक हसत, निम्मे फोन ठेवून देत. श्रीरामपूरच्या एका वधुपित्याने त्यांच्याशी बोलणे टाकले ते कायमचे. भिंगारदिव्यांना त्यात आपले काही चुकले असे वाटत नसे. पत्रिका खरी आहे हे पत्रिका बघून कळते, लग्न अजून ठरलेले आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

"खरं आहे. पण चालू आहे का?" हा प्रश्न ते कशालाही लावत. एसटी स्टँडच्या फलकावर गाडीची वेळ वाचून झाली की चौकशीच्या खिडकीत जाऊन ती गाडी आज सुटणार आहे का ते विचारत. कँटीनमध्ये फळ्यावर भजी लिहिलेली असत. भिंगारदिवे म्हणत, "फळ्यावर आहेत. कढईत आहेत का?"

आमच्या दैनिकाच्या नगर कार्यालयात ते संगणक विभाग सांभाळत. विभाग म्हणजे दोन संगणक, एक मोडेम, एक टेबल आणि ते स्वतः. मी तिथे तालुक्यांचे पान बघणारा उपसंपादक होतो. नव्वदचे दशक संपत आले होते. भिंगारदिवे तेव्हा चाळिशीचे असतील. लग्न केलेले नव्हते. सावेडीत एका खोलीत राहत आणि रजा घेत नसत.

त्यांच्या टेबलाच्या वरच्या खणात एक स्टॅम्प पेपर होता. तो सगळ्या कार्यालयाला माहीत होता, कारण स्टेपलर त्याच खणात असे. बेलापूरच्या भावजयीने तो वकिलाकडून टाईप करून पाठवला होता. भिंगारदिव्यांचे थोरले भाऊ मधुकर साखर कारखान्यात फिटर होते. एके सकाळी डबा घेऊन सायकलवर निघाले ते कामावर पोहोचलेच नाहीत. सायकल रेल्वे स्टेशनच्या स्टँडवर कुलूप लावलेली मिळाली. त्याला सात वर्षे होऊन गेली होती. 'सात वर्षांत बंधूंची कोणतीही खबर नाही, सबब ते मयत समजण्यात यावेत,' असा मजकूर होता. खाली सहीची जागा कोरी होती. भावजयीच्या घराची मागची भिंत पडली होती. घरकुलाच्या यादीत नाव घालायचे तर घर तिच्या नावावर हवे होते, आणि ते व्हायला कोर्टाचा कागद हवा होता. कोर्टाला सख्ख्या भावाची सही हवी होती. कागद दिवाळीत आला होता आणि आता उन्हाळा लागला होता.

आलेल्या बातम्या तपासायला भिंगारदिव्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्याला कारण घडले ते सोनईत. पूर्वी तालुक्याच्या बातम्या फॅक्सने येत. कोणीतरी आमच्या सोनईच्या वार्ताहराच्या नावाने एक माजी सरपंच वारल्याची बातमी पाठवली. आम्ही ती फोटोसह छापली. दुसऱ्या दिवशी सकाळी माजी सरपंच स्वतः कार्यालयात आले आणि निवासी संपादकांसमोरच्या खुर्चीत दोन तास बसून राहिले. मरणाबद्दल ते फार बोलले नाहीत. बातमीत वय चार वर्षांनी वाढवले होते, त्याबद्दल बोलले.

त्यानंतर प्रत्येक वार्ताहराला एक फ्लॉपी मिळाली. तीत एक गुप्त किल्ली असे. तिने बातमीवर संगणकाची सही होई, आणि ही सही याच माणसाची आहे असा पुण्याच्या मुख्य कार्यालयाचा दाखला बातमीबरोबर येई. दाखल्याला क्रमांक असे, मुदत असे. बाकीच्यांच्या मते काम तिथे संपले. भिंगारदिव्यांनी आपला नेहमीचा प्रश्न लावला. फ्लॉपी हरवली तर? वार्ताहर नोकरी सोडून दुसऱ्या पेपरात गेला तर? दाखला खराच राहील, मुदतही बाकी असेल. म्हणून पुण्याहून रोज दुपारी चारला रद्द दाखल्यांची यादी निघू लागली. आमचा संगणक ती टेलिफोनच्या लाईनवरून उतरवून घेई आणि आलेल्या प्रत्येक बातमीचा क्रमांक तिच्यात शोधी. क्रमांक यादीत सापडला की बातमी परत जाई.

पहिला फटका पुन्हा सोनईलाच बसला. आमचे वार्ताहर दरंदले यांची फ्लॉपी हरवली. त्यांनी तसे कळवले आणि दाखला रद्द यादीत गेला. तीन दिवसांनी त्याच फ्लॉपीवरून सही केलेली बातमी आली आणि परत गेली. पाठोपाठ फोन आला.

"भिंगारदिवे सायेब, घावली की! बायकूनं शेवयाच्या डब्याखाली ठिवली हुती."

"मधले तीन दिवस ती कुणाच्या हातात होती?"

"शेवयाच्या."

"दरंदले, एकदा रद्द ते रद्द. नवी फ्लॉपी घ्यायला नगरला या."

"आवं पर मी मीच हाय ना."

"तुम्ही तुम्हीच आहात. दाखला तो राहिला नाही."

दरंदले नगरला आले आणि येताना शेवयाही घेऊन आले. नंतर कित्येक दिवस फोनवर "सोनईहून दरंदले बोलतोय, चालू हाय" अशी सुरुवात करत.

खरे भांडण झाले ते यादी न येण्यावरून. लाईन खराब असली की चारची यादी उतरत नसे. आदल्या दिवशीच्या यादीची मुदत दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत असे. पाच वाजले की भिंगारदिव्यांचा प्रोग्रॅम सगळ्याच बातम्या अडवून बसे. तालुक्यांचे पान साडेसहाला सोडायचे असे. निवासी संपादक म्हणाले, "यादी नसेल तर सोडून द्या ना बातम्या. रोज कोण रद्द होतंय?"

"यादी आली नाही म्हणजे यादी कोरी आहे, असं होत नाही," भिंगारदिवे म्हणाले.

"मग पान कोरं सोडू?"

दोन दिवसांनी भिंगारदिव्यांनी सोय करून दिली. यादी नसली की पडद्यावर एक चौकट येई. तीत मजकूर होता: 'रद्द यादी मिळालेली नाही. मी माझ्या जबाबदारीवर पुढे जात आहे. नाव:' पुढे कर्सर लुकलुकत राही. पहिल्यांदा चौकट आली तेव्हा संपादकांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग म्हणाले, "पुण्याला परत एकदा लावून बघा." त्या चौकटीत बरेच महिने कोणीच नाव टाकले नाही. यादी उशिरा का होईना येई, आणि नाही आली तर आम्ही पान सकाळीच येऊन पडलेल्या पुण्याच्या बातम्यांनी भरत असू.

त्यांची आणखी एक सवय होती. दुपारी पोलिसांची प्रेस नोट आली की ते माझ्या टेबलाशी येत. नोटेची आठ-दहा पाने असत. ते शेवटचे पान उभ्याउभ्या वाचत, "ठीक" म्हणत आणि जात. मला वाटे, माणसाला गुन्हेगारीच्या बातम्यांची आवड असेल. एकदा श्रीरामपूरचा मजकूर नोटेत आला नव्हता. ते हलेनात. मी म्हटले, "तिकडे काही घडलं नसेल." त्यांनी मला संपादकांना दिलेलेच उत्तर दिले, आणि माझ्या फोनवरून पोलीस मुख्यालयाला फोन लावला.

एप्रिलमध्ये एका दुपारी त्यांच्या भावजय स्वतःच कार्यालयात आल्या. पायात साध्या चपला, हातात कापडी पिशवी. बेलापूरहून दोन गाड्या बदलून आल्या होत्या. भिंगारदिव्यांनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. योगायोगाने त्या दिवशी पुण्याची लाईन खराब होती. यादी आली नव्हती आणि पाच वाजून गेले होते. नेवाशाच्या वार्ताहराचा फोन चालू होता. भिंगारदिवे त्याला तिसऱ्यांदा सांगत होते की यादी येईपर्यंत बातमी थांबेल. त्यांनी फोन ठेवला तशा वहिनी म्हणाल्या,

"किती येळ थांबिवता?"

"यादी येईपर्यंत."

"आन् आलीच न्हाई तर?"

"आदल्या दिवशीची यादी असते, वहिनी. तिची मुदत संपेपर्यंत ती चालते."

"मुदत संपली मंजी?"

भिंगारदिव्यांनी पडद्यावरच्या चौकटीकडे पाहिले. मग म्हणाले, "मग माणसानं ठरवायचं. स्वतःच्या जबाबदारीवर."

"सात वर्सं झाली भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मुदत माज्या परीस तुमाला ठावं. भितीला ताडपत्री लावलीय, ती वाऱ्यानं उडती. तुमच्या सहीवाचून लई अडलंय."

"वहिनी, एकदा सही केली की परत घेता येत नाही. दादा उद्या आला तर?"

"आले तर मी जाते की कोर्टात. सांगते, चुकी माजी हुती, मानूस जित्ता हाय. कोरट काय मला फाशी दील व्हय?"

खोलीत मी आणि निवासी संपादक होतो. संपादक एकदम पुण्याचा फोन लावण्यात गुंतले.

भिंगारदिव्यांनी खण उघडला, स्टेपलर बाजूला केला आणि कागद काढला. सगळा मजकूर वाचला. 'कोणतीही खबर नाही' या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "हे खरं आहे." पुढच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवले नाही. सही केली. मग सवयीने खाली पूर्ण नाव लिहिले, तारीख घातली आणि घड्याळ बघून वेळही घातली. वकिलाने वेळ मागितली नव्हती.

वहिनींनी कागद पिशवीत ठेवला. पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यांच्यासाटी करायचे तसल्याच भाकरी हायेत. रातच्याला खा." मग त्या गाडी धरायला निघाल्या. भिंगारदिवे त्यांना स्टँडवर सोडून आले. गाडी आज आहे का ते चौकशीच्या खिडकीत विचारूनच त्यांनी वहिनींना बसवले असणार.

त्या संध्याकाळी यादी आलीच नाही. सव्वासहाला भिंगारदिव्यांनी चौकटीत स्वतःचे नाव टाकले आणि बातम्या सोडल्या. प्रोग्रॅमच्या नोंदवहीत अशी तेवढी एकच नोंद आहे.

मला वाटले होते, आता प्रेस नोटेला ते येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी ते नेहमीसारखे आले. शेवटचे पान वाचून "ठीक" म्हणाले आणि गेले. मग मी ते पान पहिल्यांदा नीट पाहिले. ते अनोळखी मृतदेहांचे पान होते. उंची, रंग, अंगावरचा शर्ट, गोंदण. दोन वर्षे ते पान रोज माझ्याच टेबलावर येत होते आणि भिंगारदिवे त्यात काय वाचतात हे मी कधी पाहिले नव्हते.

पावसाआधी, जूनच्या आत, बेलापूरची भिंत उभी करायची होती. भिंगारदिव्यांनी दोन दिवसांची रजा मागितली. कार्यालयातल्या कोणालाही त्यांची आधीची रजा आठवेना. जायच्या आदल्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. नोट वाचून झाली होती तरी उभे राहिले.

"दादाची उजव्या हाताची करंगळी अर्धी आहे," ते म्हणाले. "कारखान्यात गेली. उंची साडेपाच. मी नसलो तर तेवढं बघाल का?"

मी बघेन म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेलापूरच्या एसटीडी बूथवरून त्यांचा फोन आला. मागे टेम्पोचा आवाज येत होता. मी शेवटचे पान दोनदा वाचले होते.

"ठीक," मी म्हणालो.

"सगळ्या ठाण्यांचं आलंय का?"

मी पाने पुन्हा चाळली. नेवाशाचा मजकूर नव्हता.

"नेवाशाचं आलेलं नाही."

"मग ठीक कसं?" ते शांतपणे म्हणाले. "मी थांबतो लाईनवर."

मी दुसरा फोन उचलला आणि पोलीस मुख्यालयाचा नंबर लावला.