अनंताचं वाण

रोपं लावायला आणलेल्या कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची पिशवी खांद्यावर टाकून शिवदास घरात शिरला आणि नीलमने दारातच त्याच्या तोंडात तिळगूळ कोंबला. लग्नाला इतकी वर्षं झाली, असलं स्वागत कधी झालं नव्हतं.

"एकदाचं सांगितलेलं आणलंत हो! मला वाटलं, यंदाही हळदीकुंकवाचं वाण विसरणार. बायका नुसत्या तुटून पडल्या. काय गोड बाटल्या! आत इवलंसं झाड! झकास!"

शिवदासने सोफ्याकडे पाहिलं. तिथे त्याने ठेवलेला बाटल्यांचा खोका रिकामा होता. वाण आणायचं तो यंदाही साफ विसरला होता.

त्याचं झालं होतं असं. दहिसरची चाळ पाडून टॉवर उभा राहिला, तेव्हा पार्किंगसाठी बिल्डरच्या माणसांनी पहिला कापला तो शिवदासच्या बाबांनी लावलेला अनंत. बाबा गेल्यावर आई त्या पांढऱ्या फुलांच्या वासावर जगत होती. आता ती रोज संध्याकाळी नव्या घराच्या खिडकीत बसून उगाच हवा हुंगायची. शिवदासला ते बघवत नसे. कापलेल्या फांद्यांतली एकही कुंडीत जगेना, तेव्हा शेवटची फांदी घेऊन तो पवईला टिश्यू कल्चर शिकवणाऱ्या बाईंकडे धावला. कोंबाचा कणभर तुकडा बाटलीतल्या जेलीत लावायचा आणि जंतूला आत शिरू द्यायचं नाही, एवढंच काम. पण ह्याने नुसतं शिंकावं आणि बाटलीत बुरशी यावी! वाचल्या तेवढ्या बाटल्या त्याने जिवापाड जपल्या, आज खोक्यात घालून घरी आणल्या आणि तो कोकोपीट आणायला गेला.

खोक्यावर झाडाचं वाण, म्हणजे जात लिहायची, हा बाईंचा दंडक. नाव लिहिलं तर आईला कळेल, म्हणून ह्या शहाण्याने नुसतं 'वाण' लिहून पुढची जागा कोरी ठेवली. नीलमला आधी सांगावं, तर तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"वाट लागली," शिवदास म्हणाला आणि जिन्याकडे पळाला.

पहिल्या मजल्यावरच्या गार्गीने बाटली कौतुकाने दाखवली. आत जिरं होतं. "झाकण काय घट्ट आहे हो! आतला पाला आणि तो चिकट लगदा काढताना मात्र जीव गेला."

"पाला कुठे टाकलात?"

"ओल्या कचऱ्यात. सोसायटीचा नियम आहे ना!"

दुसऱ्या घरी बाटलीत लवंगा होत्या. तिसऱ्या घरी आजोबांची कवळी. बाकीच्या घरांतही तीच तऱ्हा. शिवदासला तिथेच जिन्यात बसून गळा काढावासा वाटला. तळमजल्यावरच्या चेतनाच्या टीव्हीशेजारी मात्र बाटली जशीच्या तशी होती, झाकणासकट. त्याने हातच जोडले.

"चेतनावहिनी, तेवढी परत द्या."

"भावोजी, वेड लागलं का? दिलेलं वाण कोणी परत घेतं?"

"अहो, आईचा अनंत आहे तो!" आणि त्याने रडवेल्या आवाजात सगळं सांगून टाकलं.

चेतनाने बाटली दोन्ही हातांनी उचलली. म्हणाली, "रथसप्तमीला माझं हळदीकुंकू आहे. काकूंनाच वाण म्हणून देते."

"आईला? बाबा गेल्यापासून तिला हळदीकुंकवाला बोलावतं कोण?"

"मी बोलावते ना! ज्याला बोलायचंय तो बोलू दे."

"पण झाकण उघडू नका. हळूहळू हवेची सवय..."

"भावोजी, जा आता!"

रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो ऑफिसला निघाला, तोच गॅलरीतून आईची हाक आली. तिच्या कपाळावर कालचं हळदीकुंकू तसंच होतं. बाटली रिकामी आणि रोप कुंडीत, भर उन्हात.

"कोंडलो हुतो रे बिचारो! मोकळो केलंय," आई म्हणाली. "आणि पान बघ. अरे, हो आपलो अनंत! तुझ्या बापाशीचो!" ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

शिवदासला आनंद झाला आणि तेवढंच रडू आलं. बाटलीतलं रोप असं एकदम उन्हात काढलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत खलास. पानं आत्ताच माना टाकत होती.

"आई, जरा आत घेऊया?"

"हात लावू नको! झाडाक ऊन होया."

ती चहा टाकायला गेली. शिवदासने छत्री उघडून कुंडीवर धरली आणि इस्त्रीचा फवारा घेऊन पाणी मारत उभा राहिला.

"छत्री कशाक रे?" आतून आवाज आला.

"मला ऊन लागतंय गं!"

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. "कुठे आहेस तू?"

"घरीच, साहेब. सिरियस आहे."

"कोण?"

"अनंत."

"कोण अनंत?"

"बाबांचा, साहेब. एवढाच उरलाय." त्याचा आवाज खरंच फुटला.

साहेब एकदम नरमले. "अरे बापरे. म्हणजे तुझा भाऊ?"

शिवदासने छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"हो साहेब," तो म्हणाला. "धाकटा."