वसंतकाकांची रविवारची फेरी

वसंतकाका तांबट पायी चालतानाही रेस लावायचे. कोथिंबीर आणायला निघाले तरी गल्लीचं वळण बाहेरून पकडायचं, आतल्या कोपऱ्याला खांदा घासून जायचं आणि पुन्हा बाहेर पडायचं. त्या कोपऱ्यावर आमचं, शेजाऱ्यांचं घर आणि दारात तुळशीची कुंडी. दरवर्षी नवी असायची, कारण जुनी काकांच्या धोतरात अडकून फुटायची. वर मलाच ऐकवायचे, "जागा चुकलीय तुझ्या कुंडीची."

देवळातही तेच. प्रदक्षिणा घालताना बायकांना आतल्या बाजूने ओव्हरटेक. एकदा गुरुजी वैतागून म्हणाले, "काका, देव कुठे पळून चाललाय का?" काका म्हणाले, "देव नाही हो, पण मागचा येतोय ना!"

माणूस मुळात पंचवटीतला भांडीवाला. तांब्या-पितळेचं वडिलोपार्जित दुकान. पण तरुणपणी देवळालीच्या एका म्हाताऱ्या लष्करी साहेबाकडून त्यांनी लाल रंगाची, दोन सीटची, बिनछपराची इंग्लिश स्पोर्ट्स कार घेतली आणि बंब-घंगाळं नोकरांच्या हवाली करून हे शर्यतींना पळायला लागले. एकदा तिसरे आले. तो कप शोकेसमध्ये होता. शर्यतीत गाड्या किती होत्या, असं विचारलं की काकांना एकदम चहाची तलफ यायची.

गाडीचं पुढचं चकचकीत जाळीदार तोंड ते चिंचेने घासायचे. "आमच्याकडे घंगाळं जशी चमकतात तशीच ही चमकणार," म्हणायचे. जगाला अरे-तुरे करणारा हा माणूस गाडीला मात्र 'बाईसाहेब' म्हणायचा. आणि तोंडी एकच वाक्य: "ब्रेक काय, कुणीही मारतो!" डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितली, तेव्हा त्यांनाही हेच ऐकवलं.

माझं आणि त्यांचं कधी पटलं नाही, आणि ते त्यांच्या बायकोमुळे, कमलकाकूंमुळे. एकदा सिन्नरच्या वाटेवरच्या मोहदरी घाटात काका गाडीसकट रस्त्याकडेच्या चारीत गेले. खांद्याचं हाड मोडलं. तेव्हा काकू त्यांना म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी काही मागितलं नाही. एवढंच मागते, हळू चालवा." काका प्लास्टरमधला हात उडवत म्हणाले, "ब्रेक काय, कुणीही मारतो!" मी तिथेच उभी होते. असा राग आला म्हणून सांगू! काकूंनी त्या दिवशी शपथ घेतली, की या गाडीत पाय ठेवणार नाही.

खांदा बरा झाला आणि रविवारची फेरी पुन्हा सुरू. सकाळी गाडी डरकाळी फोडून सिन्नरच्या बाजूला निघायची. काकू ओट्यावर जपमाळ घेऊन बसायच्या. मूलबाळ नाही, दुसरं कुणी नाही. लांब कुठे ब्रेक करकचला की त्यांची माळ थांबायची. दुपारी काका परत यायचे. चेहरा धुळीने माखलेला, गॉगल काढला की डोळ्यांभोवती तेवढी पांढरी वर्तुळं. "आलात?" काकू विचारायच्या. "आलो! आज घाटात एका एसटीला असं कापलंय म्हणून सांगू!" काकू पानं वाढायला घ्यायच्या. असं वर्षानुवर्षं.

यंदा काका गेले. पण कसे गेले? भरीत-भाकरी खाऊन डाव्या कुशीवर झोपले आणि उठलेच नाहीत. मी धावत गेले तर काकू माझा हात धरून म्हणाल्या, "अगं, घरात गेले गं. रस्त्यावर नाही." असं बोलायला जीभ रेटत नाही, पण खरं सांगते, आम्हा दोघींना हायसं वाटलं.

दिवसकार्य उरकलं आणि गाडीचा प्रश्न आला. दिंडोरीच्या एका वायनरीवाल्याला ती फाटकापाशी ठेवून तिच्यावर द्राक्षाचा वेल चढवायचा होता. काकू म्हणाल्या, "घेऊन जा. डोळ्यांसमोर नको." गाडी चालू करून द्यायला शहरातल्याच द्वारका चौकातून इक्बालभाई आले. काकांचे जन्माचे मेकॅनिक. बॅटरी बदलून, बाईसाहेबांना जागं करून ते हात पुसत होते, तेव्हा काकू ओट्यावरून म्हणाल्या, "भाई, मला एकच बोच राहिली बघा. आयुष्यात एक गोष्ट मागितली, तीही त्यांनी ऐकली नाही."

इक्बालभाई गडबडले. म्हणाले, "काकू, कसम घातली होती काकांनी. पण आता ते गेले, तर सांगतो. तुमी ते बोल्लात ना, तेव्हापासून काका घाटात गेलेच नाय."

"मग जायचे कुठे?"

"माझ्या गॅरेजात. तेपण रिक्शाच्या मागं मागं, हळूऽ. तिथं चहा, गप्पा, दुपारपर्यंत मुक्काम. निघताना बोलायचे, 'इक्बाल, धूळ मार.' मग मी हवेचा पाइप जमिनीवर मारायचा आणि ते गॉगल लावून समोर उभे!"

मी तर तोंडावर हातच ठेवला. आणि भडकलेच. "अहो, पण ही बाई इथे जीव मुठीत धरून बसायची त्याचं काय? घरीच का नाही बसले?"

"मी पण बोल्लो. तर बोल्ले, 'अरे, बायकोनं सांगितलं म्हणून हळू झालो, हे कुठल्या तोंडानं सांगू? आणि घरात बसलो तर ती 'आलात?' कुणाला विचारणार? तेवढं ऐकायला तर निघतो मी.'"

मला भीती वाटली, आता ही बाई कोसळते की काय. पण काकू हसायला लागल्या. पदराने डोळे पुसत, पुन्हा पुन्हा हसत राहिल्या. "म्हणजे ऐकलं होतं गं माझं," मला म्हणाल्या. "लबाड कुठला! ऐकलं होतं!"

मग त्या उठल्या, चपला काढल्या, देवळात शिरावं तशा गाडीत बसल्या. वायनरीवाल्याला नको म्हणून कळवायला मलाच सांगितलं आणि इक्बालभाईंना म्हणाल्या, "चला, तो घाट दाखवा मला."

इक्बालभाईंनी जपून, रांगत गाडी गल्लीबाहेर काढली. काकूंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"अहो भाई, ही काय वरात आहे का? जरा जोरात घ्या की!"