फक्कीची कॉलनी

मी हिरालाल आप्पांच्या भिंतीतून आरपार चालत गेलो आणि तिथेच आमची ओळख झाली.

नंदुरबारच्या बाहेर पथाऱ्या लागतात. तोडलेली लाल मिरची वाळवायला मोकळ्या जमिनीवर पसरतात, त्याला आमच्याकडे पथारी म्हणतात. मिरचीचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळे जमीन उघडी पडली होती आणि मी आपला आडवाटेने घाईघाईने निघालो होतो. मागून आवाज आला, "ओ भाऊ, दार तठे शे. भितमाईन कोठे चालना?"

मी खाली पाहिलं. क्रिकेटच्या मैदानावर रेषा मारायला वापरतात ती पांढरी फक्की भुईवर ओढलेली होती. चौकोन, चौकोनाच्या आत चौकोन, मधे मधे सोडलेल्या फटी. एका चौकोनात एक उंच, वाळका म्हातारा स्टुलावर बसला होता. डोक्यावर टोपी, अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. मी मुकाट्याने मागे फिरलो, वळसा घालून एका फटीपाशी आलो आणि आत पाऊल टाकणार इतक्यात पुन्हा आवाज आला, "चपला काढ. आतेच पुसेल शे."

मी चपला काढल्या. का काढल्या, ते आजही सांगता येणार नाही. मग आप्पांनी मला बैठकीची खोली दाखवली, स्वयंपाकघर दाखवलं, खिडकीतून येणारा वारा दाखवला. वारा खरोखरच येत होता, कारण चहूकडून येत होता. टपरीवरून चहा आला. चहावालाही दारातून आला, चपला काढून. गरम खड्यांवर त्याचे पाय भाजत होते, पण तो भिंतीला शिवला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथे वेडा कोण, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं की हा माणूस माझ्या समोरच राहतो. बाजारातल्या एका गल्लीत मी नुकतंच टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान भाड्याने घेतलं होतं. त्या गल्लीत पूर्वी सगळी घरं होती. मग एकाने पुढची खोली काढून शटर लावलं, त्याचं पाहून दुसऱ्याने लावलं, आणि माणसं गावाबाहेरच्या कॉलन्यांत राहायला गेली. आता गल्लीत दार असलेलं घर एकच होतं, आप्पांचं. बाकी सगळी शटरं.

आप्पांनी सारी नोकरी धडगावच्या बसवर कंडक्टर म्हणून केली. घाटातली वळणं, खच्चून भरलेली गाडी, टपावर कोंबड्यांच्या पाट्या. भरलेल्या गाडीलाही ते कधी भरलेली म्हणत नसत. "जागा शे," असं म्हणून ते आणखी चौघांना आत घ्यायचे आणि जागा व्हायचीसुद्धा. निवृत्त झाल्यावर गाडी सुटली, पण हे वाक्य काही सुटलं नाही. माझ्या दुकानात तीन माणसांत श्वास घ्यायला फट नसायची, तरी आप्पा दारातून चौथ्याला बोलवायचे, "ये भाऊ, जागा शे."

तर या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. गावाबाहेरची ती दीडेक एकर वडिलोपार्जित जमीन त्यांना घरांसाठी मोकळी करून हवी होती. शहराच्या आराखड्यात तिच्यावर निळा रंग होता, म्हणजे व्यापारी. केव्हातरी तिथून मोठा रस्ता जाणार, बाजारपेठ उभी राहणार, असं कोणीतरी ठरवलं होतं. रस्ता दुसरीकडून गेला, बाजारपेठही त्याच्या मागोमाग गेली, निळा रंग मात्र तिथेच राहिला. घरांचे प्लॉट पाडायचे तर तो पिवळा व्हायला हवा. आप्पा वर्षानुवर्षं त्या पिवळ्याच्या मागे होते. त्यांना तिथे छोटी छोटी डझनभर घरं वसवायची होती आणि त्यातलं एक स्वतःचं.

त्यांचे अर्ज टाइप करायला लागल्यापासून मी त्यांच्याबरोबर कचेऱ्यांच्या वाऱ्या करू लागलो. तिथला कारकून एकदा वैतागून म्हणाला, "आप्पा, लोक येतात ते घराची जमीन दुकानासाठी करून द्या म्हणून. तुम्हीच एक उलटं मागता. व्यापारी जमीन म्हणजे सोनं आहे."

"दुकानवर लोके येतस नि निंघी जातस," आप्पा म्हणाले. "माले ऱ्हाणारा पाहिजेत."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. या उत्तरासाठी त्याच्याकडे कोणताच नियम नव्हता.

नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरचा तर आप्पांनी पार भुगा केला. त्यांची अट अशी की सगळी दारं समोरासमोर हवीत, ओटे एकमेकांना दिसायला हवेत, आणि मधे निंबाखाली चार बायका बसतील एवढी मोकळी जागा हवी. इंजिनिअर म्हणाला, हल्ली लोकांना खासगीपणा लागतो. आप्पांनी त्याला फक्कीच्या घरात नेलं, एका दारात उभं केलं, स्वतः समोरच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आते सांग, मी तुले दिसस का?" दिसतो, म्हणाला तो. "बस. इतलंच पाहिजे."

गिऱ्हाइकांच्या मुलाखतीही ते तिथेच घेत. परवानगीचा पत्ता नव्हता, पण शेजारी निवडणं जोरात सुरू होतं. एकदा सुरतेहून एक मोठा माणूस गाडी घेऊन आला. प्लॉट घेऊन ठेवतो, सुट्टीत येत जाईन, म्हणाला.

"मंग कुलूप लावशी?"

"लावावं लागेल ना, आप्पा."

"दुसरीकडे देख भाऊ."

निवृत्त झालेले एक हेडमास्तर आले. त्यांना शांतता हवी होती. आप्पांनी त्यांना आदराने चहा पाजला आणि सांगितलं, "गुरुजी, शांतता फुकट शे. तिनाकरता घर काबर बांधतस?" मास्तर विचारात पडून परत गेले. मला हसू यायचं. पण घरी जाताना वाटायचं, आपण अख्खा जन्म शेजाऱ्याला दार बंद करण्यात घालवतो आणि हा माणूस अजून न बांधलेल्या भिंतीत आधी दार सोडतो. खरं सांगतो, मी दिपून गेलो होतो.

अखेर जाहीर नोटीस निघाली. कोणाची हरकत असेल तर कळवा. एकच हरकत आली, मगनशेठची. मगनशेठ मिरचीचे व्यापारी. दर हंगामात पथारीसाठी आप्पांची जमीन तेच भाड्याने घेत. घरं झाली तर पथारी जाणार. म्हणून त्यांनी कळवलं की या जागेवर व्यापार जोरात सुरू आहे, तेव्हा ती व्यापारीच राहावी. मग पाहणीचा दिवस ठरला. साहेब येऊन जागा बघणार आणि अहवाल देणार.

मगनशेठ हुशार माणूस. पाहणीच्या आदल्या दिवशी त्यांनी मिरचीचे ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर आणून ओतले. पथारीवर काम करणाऱ्या बायांची मुकादम जमनाबाई, धडगावकडची. तिला त्यांनी बजावलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत जमीन दिसता कामा नये, सगळी लाल करून टाका. आप्पांची फक्की ट्रॅक्टरच्या चाकांखाली केव्हाच पुसली गेली होती.

पाहणीच्या सकाळी मी आप्पांना घेऊन गेलो. दुरून नुसता लाल रंग दिसत होता. आप्पा बांधावरच थांबले. आपल्या घराकडे कोणत्या वाटेने जायचं, हेच त्यांना कळेना असं वाटलं.

जीप आली. साहेब उतरले आणि शिंकू लागले. मगनशेठ पुढे होऊन सांगायला लागले, "बघा साहेब, धंदा कसा..." आणि तेही शिंकू लागले. वाळत्या मिरचीपुढे मालक आणि पाहुणा असा भेद राहत नाही. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि सगळी जागा एकदम दिसावी म्हणून ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढले. मागोमाग मीही चढलो.

वरून जे दिसलं त्याने माझ्या अंगावर काटा आला. मिरची सगळीकडे होती, पण रस्त्यावर नव्हती. लाल चौकोनांच्या दोन ओळी समोरासमोर आणि मधून स्वच्छ मातीचा रस्ता. प्रत्येक चौकोनाला भिंतीएवढी कोरी कड, आणि जिथे जिथे दार होतं तिथे तिथे मिरची आत सरकवलेली. निंबाखालची जागा मोकळी. इंजिनिअरच्या कागदावर जे होतं, ते सगळं जमिनीवर लालभडक उतरलं होतं. ते पाहताना मी शिंकायचंसुद्धा विसरलो.

साहेबांनी जमनाबाईला हाक मारली. "बाई, हे असं का पसरलंय?"

"असं म्हंजे कसं?" तिला प्रश्नच कळेना.

"मधे जागा का सोडली?"

"तो रस्ता शे, सायेब. मिरची पलटाले आम्ही त्याच रस्तावरथीन जातस. शेठनी सांगं, समदं झाका. पन रस्तावर मिरची कशी टाकसूत? येवा-जावाले नको का?"

"कोणाला येण्याजाण्याला?"

जमनाबाईने एकदा आप्पांकडे पाहिलं, मग साहेबांकडे. एवढ्या शिकलेल्या माणसाला हे सांगावं लागतं याचं तिला नवल वाटलेलं दिसत होतं. "ऱ्हाणारासले," ती म्हणाली.

मगनशेठनी तोंड उघडलं, पण त्यांना पुन्हा शिंक आली. साहेब ट्रॉलीवरून उतरले, त्या रस्त्याने शेवटपर्यंत चालत गेले आणि निंबाखाली बराच वेळ उभे राहिले. जाताना त्यांनी आप्पांना नमस्कार केला. दर हंगामात पथारीवर येणाऱ्या बायांना खुद्द आप्पांनीच वर्षानुवर्षं ओरडून ओरडून भिंतींतून चालायची सवय मोडायला लावली होती. त्यांच्या पायांना ती घरं इतकी पाठ झाली होती की फक्की पुसली गेली तरी भिंती तिथेच होत्या. शेठची चलाखी त्यांच्या सवयीपुढे टिकली नाही. मगनशेठही तसे वाईट नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरी जागा बघितली आणि आप्पांना पिशवीभर मिरची पाठवली.

मग पुन्हा वाट पाहणं आलं. कागद वर गेला, तिथून आणखी वर गेला. पावसाळा गेला, दसरा गेला. आप्पा रोज माझ्या दुकानात यायचे आणि काही न विचारता बसून राहायचे. फायलीवर माझाच मोबाइल नंबर दिलेला होता, कारण आप्पा फोन कानाला लावून नुसतं ऐकतात, बोलत नाहीत, असा कचेरीचा अनुभव होता.

तो फोन आला तेव्हा मी दुकान बंद करून घरी पोचलो होतो. आम्ही स्टेशनच्या बाजूला भाड्याने राहतो. मंजुरी मिळाली होती. उद्या सांगू असं मी म्हणत होतो, पण बायकोने ऐकलं नाही. म्हणाली, अशी बातमी रात्रभर ठेवून घेऊ नये, आत्ताच जा. मी गाडी काढली आणि रात्रीच्या जेवणाच्या सुमारास गल्लीत शिरलो.

इतकी वर्षं मी त्या गल्लीत आहे, पण शटर ओढल्यानंतरची गल्ली मी कधी पाहिलीच नव्हती. दिवसा जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे चिटपाखरू नव्हतं. माझ्या दुकानाला लागून कपड्यांचं दुकान आहे. त्याचं शटर दारापुरतंच आहे, बाजूच्या काचेत साड्या नेसवलेल्या तीन पुतळ्या रात्रीही उभ्या असतात. आप्पांच्या पत्नी, केसरकाकू, आपल्या ओट्यावर बसल्या होत्या आणि समोरच्या काचेकडे पाहून बोलत होत्या.

"आज मी शेंगास्नी भाजी करी," त्या म्हणाल्या. "तू काय रांधं वं?" जरा थांबल्या. मग दुसरीला म्हणाल्या, "तुले हाऊ रंग भारी दिसस."

मी गाडी बंद करून तिथेच थांबलो. आप्पा दाराच्या आत अंधारात उभे होते. मला पाहून ते हळूच बाहेर आले आणि मला बाजूला घेऊन गेले.

"तिनं डोकं ठिकाणवर शे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पुतळ्या शेत, हाई तिले म्हाईत शे. बोलाले कोणी नही, म्हणीसन बोलस." मग जरा वेळाने म्हणाले, "मी बोलस ना तिनासंगे. पन मन्ह्या समद्या गोष्टी तिन्या आयकेल शेतस. मी आखी जिनगी भरेल गाडीमा व्हतू. ती आठे एकलीच बठेल व्हती."

मी फक्त सांगितलं, "आप्पा, पिवळं झालं."

आप्पांनी माझा दंड धरला. बराच वेळ सोडला नाही. मग ते ओट्यावर गेले, काकूंच्या शेजारी बसले आणि कोणी दारात आल्याचं सांगावं तसं अगदी साधेपणाने म्हणाले, "केसर, शेजार उना."

काकू वळल्या. त्यांनी मंजुरीचं विचारलं नाही, प्लॉटचं विचारलं नाही. पदर सारखा केला आणि आतुरतेने विचारलं, "नाव काय तिनं?"

प्रत्येक कचेरीत, प्रत्येक टेबलावर ज्याच्याकडे उत्तर होतं त्या माणसाकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

"शोभा," मी म्हणालो.

काकूंनी ते नाव एकदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. मी गाडी सुरू केली आणि आपण काय ठरवून बसलो ते घरी गेल्यावर बायकोला, म्हणजे शोभाला, कसं सांगायचं याचा विचार करत घराकडे निघालो.